गिऱ्हाईक, खतावणी आणि बोलते यंत्र
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आमच्याकडे सोपविण्यात आला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. ज्याचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही आणि ज्याचे आयुष्य चौथीच्या मुलांस भागाकार शिकविण्यात गेले, त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर व्याख्यान द्यावे, यात औचित्य कोणते? परंतु चिटणीसांनी उत्तर दिले की, विषय यंत्राचा असला तरी प्रश्न वहीचा आहे, आणि ज्ञातीची कुटुंबसूची गेली कित्येक वर्षे तुमच्याच हस्ताक्षरात आहे. हे म्हणणे आम्हांस खोडून काढता आले नाही.

प्रस्ताव आपणां सर्वांस ठाऊक आहेच. आपल्या तरुण मंडळींचे म्हणणे असे की, ही कुटुंबसूची यापुढे वहीत न ठेवता एखाद्या सीआरएम प्रणालीत घालावी. म्हणजे वर्गणीची आठवण आपोआप जाईल, वाढदिवसाच्या शुभेच्छा वेळेवर पोहोचतील, वधूवरांची माहिती यंत्रच जुळवून दाखवील आणि शिष्यवृत्तीविषयी कोणी रात्री अकरा वाजता विचारणा केली तरी तिला तत्काळ उत्तर मिळेल. सीआरएम या तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ ग्राहकांशी असलेल्या संबंधांचे व्यवस्थापन असा होतो. ज्ञातिबंधूंना ग्राहक म्हणणे आमच्या कानास जरा बोचले. पण ते असो. शिवाय हा प्रश्न केवळ मंडळाचा नाही. यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा, दारव्हा येथे आपल्या लोकांची किराणा-कापडाची दुकाने आहेत, कृषी सेवा केंद्रे आहेत, आणि हल्ली त्यांच्या गादीपाशीही अशा प्रणाली विकणारे तरुण येऊन बसू लागले आहेत. पुण्यास व नागपुरास नोकरीस असलेली आपली काही मुले तर ह्याच प्रणालींवर पोट भरतात. तेव्हा ही वस्तू आहे तरी काय, हे समजून घेणे प्राप्त आहे.

ती नवी नाही, हे प्रथम सांगावयास हवे. आमच्या वडिलांचे घाटंजीस कापडाचे लहानसे दुकान होते. दिवसाची देवघेव रोजमेळात उतरे आणि रोजमेळावरून खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर जाई. जमाखर्चाच्या दृष्टीने खतावणीचे काम एवढ्यावर संपते. परंतु वडिलांच्या खतावणीत समासामध्ये बारीक अक्षरात आणखीही मजकूर असे. अमक्याकडे मार्गशीर्षात लग्न. तमक्याची आई आजारी. ह्याला निळा काठ आवडतो. त्याच्या भावाशी बोलणे नाही, दोघांस एकाच वेळी बोलावू नये. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडली की हे समासातील शब्दही ते स्वतः नव्या वहीत उतरवीत, आणि उतरविताना काही मुद्दाम गाळीत.

१९७२ सालच्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. तगाद्याची पत्रे लिहिण्याचे काम आमच्याकडे असे. वडील खतावणीची पाने उलटीत व नावे सांगत, आम्ही पत्ते लिहीत असू. मध्येच ते एखादे पान नाव न घेता उलटून टाकीत. बाकी तर त्या पानावर चांगली मोठी दिसे. एकदा आम्ही धीर करून कारण विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तिकडे पत्र नको. बैल विकले त्यांनी.” ही गोष्ट आम्ही आज का सांगत आहोत, ते पुढे ध्यानात येईल.

समासातील त्या मजकुरालाच अमेरिकन व्यापाऱ्यांनी शास्त्राचे स्वरूप दिले. १९९३ साली टॉमस सीबेल व पॅट हाउस यांनी सीबेल सिस्टिम्स ही कंपनी काढून विक्रेत्यांच्या गाठीभेटी, बोलणी व मागण्या संगणकात नोंदविण्याची प्रणाली बाजारात आणली. १९९९ साली मार्क बेनिऑफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे सेल्सफोर्स ही कंपनी स्थापिली. तिचे वैशिष्ट्य असे की, प्रणाली दुकानातील संगणकात बसवावयाची नाही, ती इंटरनेटवरून भाड्याने वापरावयाची. आपल्या देशात चेन्नईच्या झोहो कंपनीने २००५ साली स्वतःची सीआरएम प्रणाली आणली. ह्या कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी आपले काम तमिळनाडूतील तेनकाशीजवळच्या एका खेड्यात नेले आहे. पुण्यास गेल्यावाचून या क्षेत्रात काही करता येत नाही, असे आपल्या मुलांस वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इतकी वर्षे मात्र ही प्रणाली म्हणजे एक मुके कपाट होते. त्यात जे ठेवावे ते राही. ठेवले नाही तर ते रिकामे. पुण्यास ह्याच कामावर असलेला आमचा एक भाचा सांगतो की, विक्रेते दिवसभर हिंडून आले की रात्री नोंदी भरण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा येई, आणि मग साहेबांच्या समाधानाकरिता काहीही भरले जाई. शाळेतील तपासणीच्या आदल्या दिवशी भरलेली हजेरीपत्रके आम्ही पाहिली असल्याने आम्हांस ह्याचे आश्चर्य वाटले नाही.

पुढे ह्या कपाटास प्रथम तर्क करता येऊ लागला. सेल्सफोर्सने २०१६ साली आइनस्टाइन या नावाने आणि झोहोने २०१७ साली झिया या नावाने ही सोय दिली. जुन्या हजारो व्यवहारांच्या नोंदींत कोणते गिऱ्हाईक पुढे माल घेते आणि कोणते नुसते भाव विचारून जाते, ह्याच्या खुणा यंत्र शोधते आणि नव्या गिऱ्हाइकाला शंभरापैकी गुण देते. त्यानंतर त्याला वाचा फुटली. २०२२ सालच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले, तेव्हापासून सर्वच प्रणालींत भाषा घडविणारी यंत्रे बसविली जाऊ लागली. २०२४ साली सेल्सफोर्सने एजंटफोर्स आणले. ते नुसते उत्तर देऊन थांबत नाही, नेमून दिलेल्या मर्यादेत तक्रार नोंदविणे, मागणी फिरविणे अशी कामेही आपणच करते. झोहोने २०२५ साली स्वतः घडविलेले भाषायंत्र आपल्या प्रणालीस जोडले.

हे यंत्र बोलते कसे? आम्ही मुलांना गाळलेल्या जागा भरावयास देत असू. ‘आकाशात काळे ढग जमले, आता ... पडेल.’ वर्गातील बहुतेक मुले ‘पाऊस’ लिहीत. त्यांतील प्रत्येकाने आकाशाचा विचार केला असेल असे नाही. अशी वाक्ये कानांवरून पुष्कळ गेली, म्हणून शब्द आपोआप आला. यंत्राने अब्जावधी वाक्ये पाहिली आहेत आणि ते एका शब्दापुढे दुसरा शब्द असाच भरीत जाते. त्याच्यापुढे आपल्या दुकानाचे दरपत्रक, नियम आणि त्या गिऱ्हाइकाचे पान ठेवले, तर उत्तर बहुधा बरोबर येते. ‘बहुधा’ हा शब्द कृपा करून विसरू नये.

भाच्याने आम्हांस एक प्रयोग दाखविला. वीस मिनिटांच्या दूरध्वनी संभाषणाचा चार ओळींत गोषवारा यंत्राने क्षणात लिहिला, पुढील भेटीचा दिवस टिपला आणि पत्राचा मसुदाही केला. मसुदा शुद्ध होता. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांहून शुद्ध होता, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. ज्या नोंदी कंटाळ्याने राहून जात त्या आता बिनबोभाट होतात, हा लाभ खोटा नाही, आणि ज्या दुकानदाराकडे मुनीम ठेवण्याची ऐपत नाही, त्याला तर तो विशेषच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कृषी सेवा केंद्रातून शेतकरी मृगात बियाणे व खत उधारीने नेतो. पऱ्हाटी उगवते, पाऊस दडी मारतो किंवा अति पडतो, बोंडअळी येते किंवा येत नाही. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, आणि “भाऊ, कापूस इकला की देतो” हा वायदा कधी कार्तिकात तर कधी पौषात पुरा होतो. म्हणजे जूनची उधारी पाच-सहा महिन्यांनी फिटणे ही इकडची रीतच आहे. परंतु जमाखर्चाच्या प्रणाली तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस अशा कप्प्यांत थकबाकी मांडतात. जे यंत्र महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या शहरी गिऱ्हाइकांच्या नोंदी पाहून शिकले असेल, ते आपल्या झरी-जामणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावापुढे तांबडी खूण करील, आणि त्याला पुढील हंगामात उधार देऊ नये अशी सूचना मालकास देईल. यंत्राने यात लबाडी केली असे कोणी म्हणणार नाही. त्याला कापूस ठाऊक नाही, एवढेच. पण ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणसे जिवास मुकली आणि ज्याचे नाव त्या एका कारणाने देशभर झाले, तेथे हंगामाच्या तोंडावर एका शेतकऱ्याला बियाणे नाकारले जाणे ही गोष्ट दुकानाच्या हिशेबापुरती राहात नाही.

कोणी म्हणेल, यंत्राला कापसाचा हंगाम शिकविता येईल. येईल, आणि शिकवावाच. आपल्या मुलांना करण्याजोगे ते एक चांगले काम आहे. पण ‘बैल विकले त्यांनी’ ही नोंद प्रणालीत कोण करणार? आणि केली, तर यंत्र त्या नोंदीवरून पान उलटील की तांबडी खूण अधिक गडद करील? आमचा तर्क असा आहे की ते दुसरेच करील. कारण पैसे वसूल होण्याचा संभव मोजणे हेच त्याला सांगितलेले काम आहे, आणि बैल विकणाराकडून पैसे येण्याचा संभव कमीच असतो. वडिलांनाही तो कमीच दिसत होता.

ह्या प्रणालींचा आणखी एक गुण विक्रेते फार वाखाणतात. गिऱ्हाइकाने एक वस्तू घेतली की तिच्या जोडीला दुसरी कोणती खपेल हे यंत्र सुचविते. साडीबरोबर परकर सुचविला तर त्यात कोणाचे काय जाणार? परंतु २०१७ सालचा पावसाळा आपण विसरलो नसू. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या एकट्या जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. निरनिराळी औषधे एकत्र मिसळून फवारणे आणि तोंडावर, अंगावर पुरेसे संरक्षण नसणे ही त्याची कारणे म्हणून पुढे आली. आता कृषी सेवा केंद्राच्या फळीवर असे यंत्र बसले आणि पहिल्या बाटलीबरोबर दुसरी बाटली सुचवू लागले, तर ती सूचना कशावरून निघाली असेल? मागील गिऱ्हाइकांनी दोन्ही नेल्या, यावरून. नेल्यानंतर शेतात काय झाले, ते त्याच्या वहीत नाही. ज्यांची अशी दुकाने आहेत त्या बंधूंना आमची हात जोडून विनंती आहे की, औषधाच्या बाबतीत ही सोय बंद ठेवावी. ती बंद ठेवता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. आणि विकणाऱ्याने गुळमुळीत उत्तर दिले तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

यंत्र चुकीचे बोलले तर तो शब्द कोणाचा, ह्या प्रश्नाचा निवाडा कॅनडात झाला आहे. तेथील एका प्रवाशाच्या आजी २०२२ साली निवर्तल्या. अशा प्रसंगी प्रवासभाड्यात सवलत असते म्हणून त्याने एअर कॅनडा कंपनीच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्रास विचारले. यंत्राने सांगितले की, तिकीट आधी काढा आणि नव्वद दिवसांच्या आत अर्ज करून सवलत मागा. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रवास झाल्यावर सवलत मिळत नसे. प्रवासी न्यायाधिकरणाकडे गेला. तेथे कंपनीने असा पवित्रा घेतला की, आमचे यंत्र ही स्वतंत्र व्यक्ती असून तिच्या बोलण्यास तीच जबाबदार आहे! २०२४ सालच्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने हा युक्तिवाद फेटाळला आणि आठशेहून थोडे अधिक डॉलर प्रवाशास देण्याचा हुकूम केला. रक्कम किरकोळ, पण आपल्याकडील कोणत्याही जुन्या पेढीवर मुनिमाने दिलेला शब्द शेटजींचाच मानला जात असे, तेच तत्त्व सातासमुद्रापलीकडे नव्याने सांगावे लागले, याची आम्हांस मौज वाटली.

मुनिमाचे नाव निघाले म्हणून नोकऱ्यांविषयी बोलले पाहिजे, कारण येथे बसलेल्या कित्येक मातापित्यांच्या मनात तीच चिंता आहे. सेल्सफोर्सचे बेनिऑफ यांनी २०२५ साली स्वतःच सांगितले की, ग्राहकांच्या तक्रारी पाहणारी त्यांची नऊ हजार माणसे आता सुमारे पाच हजारांवर आली आहेत. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ साली जाहीर केले की तिचे यंत्र सातशे माणसांचे काम करते. आणि पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी सेवेचा दर्जा उतरल्याचे मान्य करून पुन्हा माणसे घेण्यास आरंभ केला. ह्या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. एकीवरून घाबरून जाऊ नये आणि दुसरीवरून निर्धास्त होऊ नये. ठरलेल्या प्रश्नास ठरलेले उत्तर देण्याचे काम मात्र यापुढे माणसाकडे फारसे राहणार नाही, असे आमचा भाचा म्हणतो, आणि ह्या धंद्यात त्याची वर्षे गेली आहेत.

आणि तरीही ह्या बोलत्या यंत्राचे दार आपल्या लोकांस बंद असावे असे आम्ही म्हणत नाही. पीएम-किसान योजनेसाठी केंद्र सरकारने २०२३ सालच्या सप्टेंबरात ‘किसान ई-मित्र’ हे बोलणारे यंत्र सुरू केले. हप्ता का अडला हे शेतकऱ्यास त्याला विचारता येते, आणि मराठीही त्याच्या भाषांत आहे. आपल्या राज्याने २०२५ साली शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले व त्याच वर्षी ‘महाविस्तार’ हे मराठीतून सल्ला देणारे ॲप आणले. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याला तोंडाने विचारता यावे, ही शिक्षकाच्या डोळ्यांना सुखावणारी गोष्ट आहे. मात्र आम्ही एकदा अशाच एका यंत्राशी बोलताना “पऱ्हाटी पिवळी पडली” असे म्हटले, तेव्हा त्याने पराठे खरपूस भाजण्याविषयी मार्गदर्शन केले. पुस्तकी मराठी त्यास येते. वऱ्हाडी अजून शिकावयाची आहे. हे हसण्यावारी नेण्याजोगे असले तरी, बियाण्याच्या किंवा औषधाच्या प्रश्नावर असा घोटाळा झाला तर हसू येणार नाही.

शेवटी आपल्या कुटुंबसूचीकडे येतो.

आमचे वडील बंधू तीन वर्षांपूर्वी निवर्तले. एका कंपनीकडे त्यांची विम्याची कसलीशी नोंद होती. तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या जन्मदिवशी सकाळी त्यांच्या दूरध्वनीवर शुभेच्छा येतात, आणि हल्ली तर नाव घेऊन, गोड आवाजात, दीर्घायुष्य चिंतिले जाते. तो दूरध्वनी वहिनींजवळ असतो. आम्ही दोनदा कळविले. दोन्ही वेळा यंत्रानेच दिलगिरी व्यक्त केली. पूर्वी छापील पत्र येई तेव्हा ते कोणी मनावर घेत नसे; आवाजाने नाव घेतल्यावर मात्र वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. आपल्या सूचीतही अशी कुटुंबे आहेत. कोणाच्या घरी काय घडले हे आम्हांस कोणीतरी बाजारात भेटून सांगतो आणि आम्ही वहीत खूण करतो; प्रणालीस कोण भेटणार, हे ठरविल्याशिवाय शुभेच्छांचे काम तिच्याकडे देऊ नये.

दुसरे असे की, सूचीतील माहिती लोकांनी आमच्यापाशी विश्वासाने दिली, यंत्रापाशी नव्हे. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम २०२५ सालच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. कायद्याचे सार असे की, माहिती कशासाठी घेतली ते स्पष्ट सांगून संमती घ्यावी, त्याच कामासाठी ती वापरावी, आणि संमती परत घेण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा. मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. आपल्या मंडळाची सर्व शिल्लक मोजली तरी त्यापुढे शून्येच कमी पडतील! पण दंडाची भीती बाजूस ठेवली तरी, कोणत्या मुलीचे लग्न मोडले, कोणाच्या घरी कोण टाकलेली राहते, कोणी शिष्यवृत्ती मागितली व ती का मागितली, हा आमच्या वहीच्या समासातील मजकूर यंत्रात गेला, आणि उद्या एखाद्या स्थळाची चौकशी करणाऱ्यास यंत्राने तो शुद्ध मराठीत चार ओळींत सांगितला, तर त्या घरास आपण काय तोंड दाखविणार आहोत?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही असे सुचविले आणि मंडळाने ते मान्य केले आहे. नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय आणि वर्गणी एवढेच रकाने प्रणालीत जातील, तेही संमतिपत्र भरून देणाऱ्या कुटुंबांचेच. वर्गणीची आठवण यंत्र करील. शिष्यवृत्तीच्या नियमांविषयीच्या प्रश्नांस ते उत्तर देईल. पण अर्ज कोणाचा मंजूर व कोणाचा नामंजूर ते समितीच ठरवील आणि कळवीलही समितीच, सही करून. वधूवरांची माहिती पूर्ववत् आमच्या चिटणीसबाईंकडे. प्रणालीची किल्ली दोन तरुण सभासदांकडे राहील, आणि दर तीन महिन्यांनी ते आमच्या वहीशी ती ताडून पाहतील. समासातील मजकूर कोठेही उतरविला जाणार नाही. ती वही कपाटातच आहे, आणि आमच्यानंतर ती कोणाकडे द्यावयाची हे पुढील सभेत ठरवावयाचे आहे.

संमतिपत्रे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. ज्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखविण्यास दहावीतील दोन मुली तेथे बसल्या आहेत. भरून द्यावयाचे नसेल त्यांनी कोरे पत्र परत द्यावे. त्यांची नोंद वहीत आहे तशी राहील.